गप्प बसलेल्या माणसाची घोडी

इंग्लंडात अठराशे बासष्टच्या सुमाराला एका चुलत्याने पुतण्याला पत्र धाडलं. तुझा घोडा मला पाहिजे, तुझ्याकडून काही उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं मी धरून चालतो. एवढंच. त्या पत्रापायी आपल्या मागे दीडशे वर्षांनी नांदूरघाटच्या फाट्यावर रास्ता रोको होणार आहे, हे त्या गृहस्थाला कुणी सांगितलं असतं तर तो बिचारा जन्मभर पायी हिंडला असता.

मी रोहिणी. इंग्लंडच्या एका विद्यापीठाची कायद्याची पदवी मी केज तालुक्यातल्या आमच्या धनगरवस्तीवर बसून करते. शिष्यवृत्ती मिळाली, पुस्तकं फोनवर मिळाली, शिकवणाऱ्या बाई पडद्यावर मिळाल्या, फक्त रेंज मिळाली नाही. ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळते. म्हणून मी टाकीच्या जिन्यावर बसून शिकते आणि खाली आमची मेंढरं मला बघत बसतात. पहिल्या वर्षाला करार हा विषय आहे. करार म्हणजे काय, तर एकाने प्रस्ताव ठेवायचा आणि दुसऱ्याने तो स्वीकारायचा. हे समजायला इंग्लंडपर्यंत जायची काही गरज नाही. पण स्वीकारला म्हणजे नेमकं काय केलं, यावर त्या लोकांनी जेवढी डोकेफोड केली आहे तेवढी आमच्या जिल्ह्यात पाण्यावरसुद्धा झालेली नाही.

मला एक खोड आहे. वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही. त्यामुळे तो घोड्याचा खटला मी आयला, म्हणजे माझ्या आईला, ताराबाईला, भाकरी थापता थापता सांगितला. चुलत्याने पत्र लिहिलं. पुतण्याला मनातून घोडा द्यायचाच होता, पण त्याने उत्तर काही लिहिलं नाही. शेतावर लिलाव होता, तर लिलाववाल्याला त्याने बजावलं की हा घोडा विकू नको. लिलाववाला विसरला आणि विकून बसला. चुलता कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, पुतण्या गप्प होता. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. घोडा तुझा कधी झालाच नव्हता.

"रंग कंचा व्हता?" आयने विचारलं.

"पुस्तकात नाही गं."

"आन् ही पत्रं लिहीत बसली तवर वैरण कोण टाकत हुतं?"

"तेही नाही."

"मंग कसलं पुस्तक हाय तुझं? घोड्याचा खटला आन् घोड्याचंच काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी हापशावर आयने ही गोष्ट सोडली आणि संध्याकाळपर्यंत वस्तीत दोन तट पडले. म्हातारी माणसं चुलत्याच्या बाजूची. त्यांचं म्हणणं, चुलता बापाच्या जागी असतो, त्याने मागितल्यावर पुतण्याने कोर्टाची वेळच कशी येऊ दिली? तरणी पोरं पुतण्याच्या बाजूची. आणि लिलाववाल्याच्या बाजूने एकटे बिभीषण मामा. ते जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. "धंद्यात मानूस इसरतो बे," ते म्हणायचे. "त्याला कावून बदनाम करायलाव?"

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण परमेश्वर भाऊंच्या कानावर गेलं. परमेश्वर भाऊ आमचे पुढारी. सोसायटीचे चेअरमन म्हणून बिनविरोध निवडून आलेत आणि आता जिल्हा परिषदेवर डोळा आहे. तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, बाजूला कुठल्या तरी लग्नाच्या अल्बममधून कापलेला घोडा, खाली मोठ्या अक्षरांत, 'इंग्लंडच्या घोड्याला न्याय मिळालाच पाहिजे.'

मी धावत त्यांच्याकडे गेले. "भाऊ, ती केस संपलीय."

"कधी?"

"दीडशे वर्षं होऊन गेली."

भाऊ हसले. "रोहिणी, तू शिकलेली हायस, पर तुला वेव्हार न्हाई. आपल्याकडं साध्या बांधाची केस आज्यापासून नातवापतूर चालती. तिकडं ती संपली म्हंतीस, म्हंजी वरून दबाव आला असंल."

रास्ता रोको झाला. उसाचे ट्रॅक्टर थांबले. एका ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं की घोडा कुठे आहे. कुणीतरी सांगितलं, इंग्लंडला. त्याने मान हलवली, इंजिन बंद केलं आणि तोही रस्त्यावर मांडी घालून बसला. त्याच आठवड्यात पडद्यावरच्या बाईंनी आम्हाला विचारलं की या खटल्याचं तुमच्या आयुष्यातलं एखादं उदाहरण द्या. मी रास्ता रोकोचं सांगितलं. बाई म्हणाल्या, कल्पनाशक्ती छान आहे, पण उत्तरपत्रिकेत वास्तवाला धरून लिही.

आता वास्तव सांगते, कारण ते माझ्या घरात येऊन बसलं होतं.

सुग्रीव तात्या हे माझ्या वडिलांचे, बापूंचे, थोरले भाऊ, म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांनी मेंढरं विकली, नांदूरघाटला घर बांधलं आणि मंडप-डीजेचा धंदा काढला. धंद्यात सगळं होतं, फक्त वरातीला घोडी नव्हती. आणि आमच्याकडे पाखरी होती. पांढरी, अंगाने भरलेली, शहाणी. आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो तेव्हा तिच्या आईच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, कोकरं आणि मी अशी सगळी एकत्र बांधलेली असायचो. पाखरी माझ्यासमोर जन्मली. मी तिसरीत होते, आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, गोदावरीकाठी उतरला होता. पुढे तिने माझं दप्तर वाहिलं. बारावीच्या परीक्षेला एस.टी. चुकली तेव्हा बापूंनी मला तिच्यावर बसवून केंद्रावर नेलं आणि सगळी पोरं खिडकीतून बघत राहिली. तिला नवरदेवापुढे डीजेवर नाचवायचं, या नुसत्या विचाराने माझ्या अंगाची आग व्हायची.

तात्या एका सकाळी आले, चहा घेतला आणि बापूंना म्हणाले, "गहिन्या, पाखरी मला पायजे. येत्या बाजारापतूर तू काय बोलला न्हाईस, तर घोडी माझी झाली असं मी धरतो."

मग माझ्याकडे बघून हसले. "पोरगी शिकलेली असली की घरादाराचा फायदा हुतो."

ही युक्ती त्यांना इंग्लंडच्या त्या चुलत्याने शिकवली होती आणि त्या दोघांची भेट मी घालून दिली होती.

कुणी म्हणेल, मग काय झालं? बापूंनी नाही म्हणायचं. पण तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही. गहिनीनाथ हा माणूस बोलत नाही. मुका नाही. मेंढरांशी बोलतो, कुत्र्याशी बोलतो, बिरोबाशी बोलत असावा. माणसांशी त्याचा सगळा व्यवहार घोंगडीखाली झालेला. जनावरांच्या बाजारात अजून तशीच रीत आहे. घेणारा आणि देणारा घोंगडीखाली हात घालतात, बोटं धरून भाव सांगतात आणि बघणाऱ्यांना फक्त लोकर हलताना दिसते. हात मिळाला की सौदा पक्का. नंतर फिरणाऱ्या माणसाजवळ पुन्हा बाजारात कुणी उभं राहत नाही. घोंगडीखाली दिलेल्या शब्दाला गहिनीनाथ कधी फिरला नाही, हे आमच्या घरातलं एकमेव वैभव. हे मी बिभीषण मामांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा कंटाळा यायचा.

बाजाराचा दिवस जवळ येत चालला. मी बापूंच्या मागेपुढे नाचत होते. आयने तर हात जोडले.

"आवं, 'नको' म्हना की! दोन अक्षरं हायत. ती बी जोडाक्षरं न्हाईत!"

बापू छपराकडे बघत राहिले. मला राग येत होता, पण कारणही माहीत होतं. बापू पोरवयाचे असताना आज्याला रानात साप चावला आणि तो गेला. तेव्हापासून तात्यांनी त्यांना खांद्यावर बसवून मेंढरांमागे वाढवलं. थोरल्या भावापुढे बापूंनी मान वर केली नाही, मग तोंड उघडायचं लांबच राहिलं. आमच्यात थोरल्यापुढे गप्प म्हणजे होच असतं. तात्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

बापू बोलणार नाहीत म्हटल्यावर मीच बोलायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी सांजच्याला मी बिरोबाच्या देवळापुढे बैठक बोलवायला लावली. अध्यक्ष परमेश्वर भाऊ, कारण घोड्याचं आंदोलन संपल्यापासून ते मोकळेच होते. पाखरी बाभळीला बांधली होती. तिच्या एका बाजूला बापू, दुसऱ्या बाजूला नवा लगाम घेऊन तात्या.

मी उभी राहिले आणि आयुष्यातला पहिला खटला चालवला. प्रस्ताव ठेवणाऱ्याला समोरच्याच्या गप्प बसण्यावर अट लादता येत नाही. उत्तर न देणं हा होकार नव्हे. आणि ज्या चुलत्याची नक्कल करून तात्या आले आहेत, तो चुलता हरला होता!

"हे कुठल्या कायद्यानं?" भाऊंनी विचारलं.

"इंग्लंडच्या."

इंग्लंडचा कायदा केज तालुक्यात कसा लागू होतो, असं एकाही माणसाने विचारलं नाही. ज्या कायद्यासाठी आपण भर रस्त्यात उन्हात बसलो तो परका कसा असेल? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयने पाखरीच्या मानेवरून हात फिरवला. मी जिंकले होते.

"बोललीस का?" तात्या म्हणाले. ते सावकाश उभे राहिले. "मंग गप म्हंजी हो न्हाई. ठरलं. आता माझं ऐका. गहिन्याच्या लग्नात मी बोलणी केली. पोरगी पसंत हाय का म्हून इचारलं, तवा ह्यो काय बोल्ला?"

सगळे बापूंकडे बघायला लागले.

"गपच हुता," बिभीषण मामा म्हणाले. "मी समक्ष हुतो."

"म्हंजी लगीन झालंच न्हाई."

आय कमरेवर हात ठेवून उठली. "म्हंजी एवढी वर्सं म्या परक्या मानसाच्या भाकऱ्या थापल्या? बरं झालं सांगितलं! उद्यापास्नं ह्यो गडी काय खातो ते बघतेच."

हशा पिकला, पण तो फार टिकला नाही, कारण बिभीषण मामांना अजून एक गोष्ट सुचली. परमेश्वर भाऊ सोसायटीवर बिनविरोध आले होते. बिनविरोध म्हणजे कुणीच काही बोललं नव्हतं. भाऊंनी घाम पुसला. मागून कुणी म्हणालं, मंदिराच्या वर्गणीलाही कुणी हो म्हटलं नव्हतं. दुसऱ्याने सांगितलं की त्याचं नाव ठेवताना त्याला विचारलं नव्हतं. बघता बघता अर्ध्या वस्तीची लग्नं, नावं आणि पदं धोक्यात आली आणि लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू ही आग मीच लावली. लावली मीच होती.

"आता शेवटचं," तात्या म्हणाले. हसणं थांबलं होतं. "रोहिणी, बारावी झाल्यावर तू बापाला इचारलंस, 'बापू, मी वकिलीचं शिकू का?' मी म्हनलो हुतो, नको, पोरीला मेंढरामागं धाड. गहिन्या काय म्हनला हुता?"

बापू काहीच म्हणाले नव्हते. मी पदराखाली हसणाऱ्या आयकडे बघितलं होतं, आयने मान हलवली होती आणि आम्ही दोघींनी तो होकार समजून टाकला होता.

"तुझं शिकनं त्याच्या गपवर उभं हाय," तात्या म्हणाले. "गप म्हंजी हो न्हाई, तर पुस्तकं बंद कर आन् उद्या काठी घे."

मी धडपडले. म्हणाले, होकार वागण्यातूनही देता येतो, इंग्लंडचं कोर्टही ते मानतं. बापूंनी टाकीच्या जिन्यावर मला सावली म्हणून पोतं बांधून दिलं, हा होकारच आहे.

"मंग काल मी पाखरीला नाल ठोकायला नेलं तवा तिच्यावर खोगीर कुनी घातलं?" तात्यांनी विचारलं. "गहिन्यानंच. सवताच्या हातानं."

ते खरं होतं. भावाने मागितलं आणि बापूंनी घातलं.

परमेश्वर भाऊंनी घसा खाकरला. "कायदा दोघींना एकच ऱ्हाईल. गप म्हंजी हो, तर घोडी सुग्रीवची आन् पोरगी शिकंल. गप म्हंजी न्हाई, तर घोडी हितंच आन् पोरगी मेंढरामागं. गहिनीनाथ, आता तूच सांग."

ज्या माणसाच्या न बोलण्यावरून सगळं रामायण चाललं होतं त्यालाच बोलायला सांगितलं. लोक पुढे सरकले. बापूंनी पाखरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड काही उघडलं नाही. मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, आपल्या हातावर टाकली आणि तो हात माझ्यापुढे केला.

बायांमधून आवाज उठला. घोंगडीखाली आजवर कुठल्या पोरीचा हात गेला नव्हता. बिभीषण मामा उठून उभे राहिले, पण त्यांनाही लोकरच दिसणार होती. मी हात आत घातला. आत गरम होतं आणि मेंढरांचा वास होता. बापूंनी त्यांचं पहिलं बोट माझ्या मुठीत दिलं आणि पाखरीकडे नजर टाकली. मग ते काढून दुसरं बोट दिलं आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीत माझ्या वह्या होत्या. मग त्यांनी पंजा उघडा केला आणि थांबले.

दोघांतलं काय राखू, हे त्यांनी मला चारचौघांत बोलायला न लावता विचारलं होतं. एवढ्या माणसांत मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

मला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं. टाकीवरचं ऊन, तुटणारी रेंज, रात्री जड होणारे डोळे, सगळं मला हवं होतं. पण पाखरी कान हलवत उभी होती आणि तिच्या डोक्यावर डीजेचे दिवे लावणार होते, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मी बापूंचं पहिलं बोट धरलं. घट्ट धरलं, चूकभूल राहू नये म्हणून.

बापूंनी माझा हात दाबला. हात मिळाला. सौदा झाला.

मग त्यांनी घोंगडी उचलून खांद्यावर टाकली, बाभळीकडे गेले, पाखरीचा दोर सोडला आणि तो तात्यांच्या हातात दिला.

"गप म्हंजी हो!" परमेश्वर भाऊ ओरडले. त्यांचं चेअरमनपद वाचलं होतं. लोकांची लग्नं वाचली होती, माझं शिक्षण वाचलं होतं. पुजाऱ्याने भंडारा उधळला आणि पाखरी पिवळी होऊन तात्यांच्या मागे चालायला लागली. वळताना तिने एकदा मागे बघितलं. मी तिथेच उभी राहून रडले. लोकांना वाटलं आनंदाने रडते आहे, दोन-तीन बाया येऊन माझं अभिनंदन करून गेल्या.

घरी आल्यावर बापू मेंढरं आत घेत होते. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"बापू, मी पहिलं बोट धरलंतं."

त्यांनी एक कोकरू उचलून आत टाकलं.

"तुमी हात दिला आन् फिरलात. आजवर कधी फिरला न्हाईत आन् माझ्याशी फिरलात. कावून?"

फाटक ओढून घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळेही लाल झाले होते, पण ते धुळीनेही होतात.

"तू बाजारात नवी हायस," बापू म्हणाले. "बोट चुकलं तुझं."

आमच्या पुस्तकात चुकीवर एक धडा आहे. समोरचा चुकून बोलतो आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती चूक धरून बसता येत नाही. तो धडा मी नंतर टाकीच्या जिन्यावर बसून वाचला. मी चुकले नव्हते. हे बापूंनाही माहीत होतं. ज्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मिरवता येत होती, त्याने ती माझ्यासाठी मोडली आणि दोष माझ्या बोटाला दिला. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की वाचलेलं काहीच डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात फुरफुर ऐकू आली. पाखरी उभी होती. कपाळाला झिरमिळ्यांची पट्टी, डोक्यावर गुलाबी तुरा, गळ्यात तुटलेला दोर. थोड्या वेळाने तात्या धापा टाकत आले. बापूंनी त्यांच्यासाठी घोंगडी पसरली. आयने चहा दिला, तिचं लग्न मोडायला निघालेल्या दिरालाच. तात्यांनी चहा घेतला आणि ते पाखरीला घेऊन गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाखरी परत आली. त्याच्याही पुढच्या दिवशी.

तात्यांनी साखळी बांधून बघितली, दाराला कुलूप लावून बघितलं. ती येतच राहिली. एकदा गळ्यात नवरदेवाचा हार घालून आली. एकदा तर नवरदेवच पाठीवर होता. मागून वऱ्हाडी, त्यांच्या मागून डीजेची गाडी आणि तिच्या मागून तात्या हातवारे करत. आयने त्या घाबरलेल्या पोराला ओवाळलं, पाणी दिलं आणि वरात वळवून दिली. मुहूर्त टळला म्हणून मुलीकडचे रागावले, पण पाखरीवर दावा लावायचा कायदा मी अजून शिकले नव्हते.

असं करत तात्या रोज सकाळी आमच्याकडे यायला लागले. आधी घोडीसाठी येत होते. मग घोडी यायच्या आधीच येऊन बसू लागले. दोघे भाऊ शेजारी शेजारी, बापूंच्या हातात लोकर कातायची चाती, तात्यांच्या हातात कप. नांदूरघाटला घर बांधल्यापासून तात्या आमच्या घोंगडीवर असे बसले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर उजळणी करत होते. पाखरी अंगणात कडबा खात होती. तिच्या कानात कालच्या लग्नाची चमकी अडकली होती. तात्यांनी चहाचा घोट घेतला.

"रोहिणी, त्या इंग्लंडच्या घोड्याचं पुढं काय झालं गं?"

"पुस्तकात नाही, तात्या. लिलावात कुणी तरी घेतला, एवढंच."

"आगं पर शेवटी ऱ्हायला कुनाकडं? चुलत्याकडं का पुतन्याकडं?"

मी पानं चाळली. खरंच कुठे नव्हतं. न्यायाधीश काय म्हणाले ते सगळं होतं, घोड्याचं कुणी लिहिलं नव्हतं.

बापूंची चाती थांबली.

"आला आसंल माघारी, दादा," ते म्हणाले.

तात्यांनी कप खाली ठेवला आणि धाकट्या भावाकडे बघत राहिले. आय चुलीपुढून उठून दारात आली. तात्यांच्या प्रश्नाला बापूंनी उत्तर दिलेलं आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं. बापूंनी चातीला पुन्हा फिरकी दिली. तात्या त्या दिवशी घोडी न घेताच घरी गेले.